किल्लीचं घर

ईस्टर दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो, ही गोष्ट संत बर्णबा कॅथीड्रलच्या मंडळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. फक्त कमिटीच्या मीटिंगमध्ये, दिवाळीनंतरच्या त्या संध्याकाळी, चहा आणि खारी समोर आल्यावर ती कुणालाच आठवली नाही. योगेश नावाच्या एका चुणचुणीत माणसाने भिंतीवर लॅपटॉपमधली चित्रं पाडली, ‘कॅथीड्रल संगीत आणि वारसा संमेलन’ अशी मोठी अक्षरं दाखवली आणि म्हणाला, "एप्रिलचा पहिला लाँग वीकएंड बेस्ट आहे. शुक्रवारी सगळ्या कंपन्यांना सुट्टी आहे." शुक्रवारी सुट्टी कशाची, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. बापूराव ससाण्यांनाही नाही. उलट सूचनेला अनुमोदन त्यांनीच दिलं.

योगेश मंडळीतला नव्हता. कोथरूडचा, आयटीतला मॅनेजर. कंपनीने त्याला काही वर्षं इंग्लंडला धाडलं होतं. तिथे एका संध्याकाळी थंडी चुकवायला म्हणून तो कॅथीड्रलमध्ये शिरला, ऑर्गन आणि गायकवृंद ऐकला आणि कामातून गेला. पुण्याला परतल्यावर इंटरनेटवर त्याला आपल्यासारखीच कामातून गेलेली माणसं सापडली: एक निवृत्त कर्नल, दोन पारशी बहिणी, आर्किटेक्चरचे विद्यार्थी, वांद्र्याहून येणारे एक डॉक्टर. जुन्या इमारती बघायच्या, जुनं संगीत ऐकायचं आणि पुण्याचं कसं वाटोळं झालं यावर हळहळायचं, असा त्यांचा कार्यक्रम. माणसं सज्जन होती. चुकीचा वार धरला, एवढाच त्यांचा गुन्हा, आणि त्यातही अर्धा वाटा कमिटीचा.

कारण ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारची संध्याकाळची उपासना संपली की बर्णबाचा ऑर्गन बंद होतो. घंटाही बंद. वेदीवरचं कापड निघतं, मेणबत्त्या विझतात, ऑर्गनच्या झाकणाला कुलूप लागतं आणि ते उघडतं थेट ईस्टरच्या पहाटे. इथवर हे पुष्कळ ठिकाणी होतं. बर्णबात त्यापुढे आणखी एक रीत आहे. त्या कुलपाची एकुलती एक किल्ली पाळकसाहेब स्वतःजवळ ठेवत नाहीत. त्या वर्षात ज्या घरातलं माणूस गेलं असेल त्या घराला ती देतात. अशी दोन-तीन घरं असली तर ज्याचं दुःख जास्त ताजं, त्याला. तेवढ्या दिवसांपुरतं मंडळी त्या घराला ‘किल्लीचं घर’ म्हणते. ईस्टरच्या पहाटे त्या घरातलं माणूस सगळ्यांच्या आधी पुढे येतं आणि कुलपात किल्ली फिरवतं. सगळं चर्च श्वास रोखून तो खटका ऐकतं, आणि मग ऑर्गन असा काही कडाडतो की म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना धारा लागतात. गेलेल्या माणसाचं नाव त्या वेळी कुणी घेत नाही, पण ते सगळ्यांच्या मनात असतं.

यंदाचं किल्लीचं घर बापूरावांचं होतं.

चेतन त्यांचा थोरला. हडपसरला एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करायचा. गेल्या जूनमध्ये, कामावरच्या मुलांना घरी सोडायला निघालेल्या सुमोचा ड्रायव्हर पहाटेच्या वेळी स्टीअरिंगवरच पेंगला. गाडीतली बाकीची मुलं वाचली. कंपनीने फुलांचं मोठं चक्र पाठवलं आणि चेतनचं आयकार्ड गळ्यातल्या निळ्या पट्टीसकट एका पाकिटात घालून परत केलं. कौशल्याबाईंनी ते पाकीट कपाटात ठेवलं आणि त्या दिवसापासून त्या जवळजवळ बोलायच्याच थांबल्या. "जेवता?" "दार लावा." "गॅस संपलाय." एवढ्यावर घर चालायचं. चर्चची पायरी त्यांनी दफनविधीनंतर चढली नव्हती.

आणि श्रद्धा, धाकटी, बर्णबाचा ऑर्गन वाजवणारी, जिच्या बोटांचं मंडळीत सगळ्यांना कौतुक, तिने एम.ए. अर्ध्यावर सोडलं आणि रात्रपाळीचीच नोकरी धरली. तीही हडपसरला. बापूराव ओरडले, हातापाया पडले. "घरात बसवत नाही, पप्पा," एवढंच ती म्हणाली, आणि ते खरं होतं. रोज संध्याकाळी धायरीतल्या त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी सुमो हॉर्न वाजवायची. ती जायची, आणि ती परत येईपर्यंत बापूराव पडल्या पडल्या आढ्याकडे बघत राहायचे. गेलेल्या मुलासाठी रडायला त्यांना सवडच नव्हती. त्यांची सगळी भीती जिवंत मुलीला पुरत होती.

अशात योगेशने एक बातमी आणली. संमेलनाला इंग्लंडहून एक परीक्षक येणार होते. संगीताच्या परीक्षा घेत ते हिंदुस्थानभर फिरायचे, आणि त्यांच्या कॉलेजात दरवर्षी परदेशातल्या एका ऑर्गनवादकाला जागा असायची: तिथेच राहायचं, शिकायचं, तिथल्या कॅथीड्रलमध्ये वाजवायचं. योगेशने श्रद्धाचं वादन रेकॉर्ड करून त्यांना पाठवलं. उत्तर आलं की मुलीच्या हातात काहीतरी आहे, पण समोर बसून ऐकल्याशिवाय मी शब्द देत नाही. बापूरावांनी त्या उत्तराला दोन्ही हातांनी धरलं. मुलगी परमुलखात जाईल, घर पार ओस पडेल, हे त्यांना कळत होतं. पण ती त्या सुमोतून उतरेल. त्यापलीकडे त्यांना प्रभूकडे काही मागायचं उरलं नव्हतं.

नव्या वर्षाची कॅलेंडरं आली तेव्हा घोटाळा उघडकीला आला. मालनबाई, मंडळीतल्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात तिखट, उपासनेनंतर बाहेर येऊन म्हणाल्या, "बापूराव, उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, संगीत संमेलन ठेवलंत म्हणे. पाहुण्यांना काय, कुलूप ऐकवणार?"

योगेशने कपाळावर हात मारला, पण लोकांची तिकिटं निघाली होती. "रीशेड्यूल होणार नाही, अंकल. आपण वर्कअराउंड काढू." वर्कअराउंड असा निघाला की शुक्रवार-शनिवारी इमारत बघायची, भाषणं करायची आणि ईस्टरच्या पहाटे ऑर्गन ऐकायचा. परीक्षकांना शनिवारी संध्याकाळीच मुंबईला निघायचं होतं, तेव्हा ते गुरुवारी सकाळी येऊन श्रद्धाला ऐकतील, कुलूप लागायच्या आत. छान जमलं होतं सगळं. श्रद्धा महिनाभर जेवणाच्या टेबलावर बोटं चालवत होती, टेबलाखाली पायांनी न दिसणारे पेडल दाबत होती. कौशल्याबाई भाजी निवडता निवडता तिच्या पायांकडे बघत राहायच्या.

गुरुवारी सकाळी योगेशचा फोन आला. कोलकात्याच्या परीक्षा लांबल्या होत्या; परीक्षक शुक्रवारी संध्याकाळी पोचणार होते.

त्याच संध्याकाळी कौशल्याबाई इतक्या महिन्यांनी चर्चमध्ये आल्या. पाळकसाहेबांनी ऑर्गनला कुलूप लावलं, किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं मिटवली. कौशल्याबाई रडल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी कपाटातलं पाकीट काढलं, चेतनचं आयकार्ड निळ्या पट्टीतून सोडवलं, त्या जागी किल्ली अडकवली आणि पट्टी गळ्यात घातली. "रविवारी मीच उघडणार," त्या म्हणाल्या. त्या रात्री त्या गाढ झोपल्या. बापूरावांनी त्यांना असं झोपलेलं जूनपासून पाहिलं नव्हतं, आणि त्यांना आनंद व्हायला हवा होता. झाली ती नुसती धास्ती, कारण आता ही किल्ली मागायची कुणी?

शुक्रवारी पाहुणे आले. ओक्याबोक्या, काळोख्या चर्चमध्ये मंडळी दुपारभर वधस्तंभासमोर बसलेली आणि मागच्या बाकांवर गळ्यात कॅमेरे घातलेले लोक अवघडून बसलेले, असं ते दृश्य होतं. कर्नलसाहेबांनी रंगीत काचांवर भाषण दिलं. पारशी बहिणींनी बंद ऑर्गनच्या नळ्यांकडे मान वर करून पाहिलं आणि सुस्कारे सोडले. संध्याकाळी परीक्षक आले. उंच, वाकलेला, सौजन्याने बोलणारा म्हातारा माणूस. हकीकत ऐकून ते म्हणाले की ही रीत इथे अजून पाळतात याची कल्पना असती तर मी तारीखच दिली नसती. आमच्याकडचा नोकरीतला एकही वादक या दिवसांत आपलं चर्च सोडत नाही, मी निवृत्त म्हणून आलो. योगेशने कीबोर्ड आणायची तयारी दाखवली. त्यांनी मान हलवली. पायांखाली पेडल हवेत, नळ्यांत खरी हवा हवी, त्याशिवाय मी काय ऐकणार? कॅम्पातल्या दुसऱ्या चर्चचा ऑर्गन उंदरांनी केव्हाच खाल्ला होता.

शनिवारी सकाळी बापूराव पाळकसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, "साहेब, आजच्या दिवस झाकण उघडू द्या. माझ्या मुलीचा प्रश्न आहे."

पाळकसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली. "बापूराव, किल्ली माझ्याकडे असती तर मी नाही म्हटलं असतं," ते म्हणाले. "पण ती सध्या माझी नाही, कौशल्याबाईंची आहे. ज्या घराचं दुःख त्या घराचा शब्द. त्यांनी आपण होऊन दिली तर अडवणारा मी कोण? घरी विचारा."

घरी विचारा! इतकं सोपं होतं सगळं. श्रद्धाला चर्चमध्येच थांबायला सांगून बापूराव घरी आले ते जिन्यातच शब्द जुळवत. दार उघडलं तर कौशल्याबाई बाल्कनीत पांढऱ्या साडीला खळ घालत होत्या, रविवारसाठी. गळ्यात निळी पट्टी, तिला टांगलेली किल्ली पोटाशी हलत होती, आणि त्या चक्क गुणगुणत होत्या. फार काही नाही, अर्धी ओळ, पण गुणगुणत होत्या. बापूरावांना पाहून म्हणाल्या, "अहो, उद्या पहाटेची रिक्षा सांगून ठेवा. त्या वेळी कुणी थांबायचं नाही. आणि तुमचा कोट काढून ठेवलाय, त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय, जरा उन्हात घाला."

इतकं मोठं वाक्य या घरात चेतननंतर कुणी बोललं नव्हतं. बापूराव कोट घेऊन उभे राहिले. जिन्यात जुळवलेले शब्द कुठल्या कुठे गेले. या बाईला उद्याची एक पहाट मिळाली आहे, तिच्यावर ती उठून उभी राहिली आहे, आणि आपण ती काढून घ्यायची? नाही जमणार. आणि नाही काढून घेतली तर आज संध्याकाळी फाटकाशी पुन्हा हॉर्न वाजेल, उद्या वाजेल, परवा वाजेल. त्यांचा जीव अक्षरशः दोन्हीकडून ओढला जात होता.

दुपारी फोन वाजला. योगेश. बापूराव तो घेऊन आतल्या खोलीत गेले.

"अंकल, सर पाचला निघतायत. गाडी बुक झालीय. श्रद्धा कधीची बेंचवर बसून आहे. किल्लीचं काय झालं?"

"अजून विचारलं नाही," बापूराव म्हणाले. "विचारवत नाही रे. पण आज नाही वाजवलं तर तिला परत कोण ऐकणार? तू त्यांना जरा थांबवून धर. मी बघतो काहीतरी."

हे सगळं ते दबक्या आवाजात बोलले असं त्यांना वाटलं. पण उभा जन्म खडकीच्या कारखान्यात यंत्रांच्या घरघरीत काढलेला माणूस; त्यांचा दबका आवाज म्हणजे इतरांची ललकारी. ही गोष्ट सोसायटीत सगळ्यांना माहीत होती, फक्त त्यांना नव्हती.

ते बाहेर आले तेव्हा कौशल्याबाई पदराला हात पुसत दाराशी उभ्या होत्या. दाराजवळ एक खिळा होता. चेतन कामावरून आला की आयकार्ड त्यालाच अडकवायचा. कौशल्याबाईंनी गळ्यातली निळी पट्टी काढली आणि त्या खिळ्याला अडकवली. तिच्यावर हात ठेवून क्षणभर तशाच राहिल्या. काहीतरी बोलणार असं वाटलं.

"उकडतंय," त्या म्हणाल्या. "मी जरा पडते."

आत जाऊन त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या.

बापूराव खिळ्याकडे बघत राहिले. प्रभूने दिली, असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच आपण काय बोलतोय याची लाजही वाटली. आयुष्यात त्यांनी कुणाची काडी उचलली नव्हती. आज ते स्वतःच्या बायकोकडे चोरी करणार होते, तीही अशा वस्तूची. पण ती उठायच्या आत परत आणून टांगली तर तिला कळणारही नाही, उद्याची पहाट जशीच्या तशी राहील आणि पोरगी सुटेल. त्यांनी पट्टी उचलली, किल्लीचा आवाज होऊ नये म्हणून मुठीत धरली आणि चपला हातात घेऊन जिना उतरले.

सिंहगड रोड त्या वर्षी रुंदीकरणासाठी नुसता खोदून ठेवला होता. बापूरावांची कायनेटिक खडीवरून घसरत, टेंपोंच्या मधून घुसत, लोकांच्या शिव्या खात निघाली. डोक्यावर ऊन, डोळ्यात धूळ. वाटेत एका सिग्नलला ते थांबलेच नाहीत. पोलिसाने शिट्टी मारली ती त्यांनी ऐकली आणि सोडून दिली. तोंडाने एकच चाललं होतं: "थांबव त्यांना, थांबव, थांबव." हे योगेशला होतं की प्रभूला, त्यांनाच सांगता आलं नसतं.

परीक्षक निघायच्या तयारीत होते. बॅग दाराशी होती, गाडी फाटकाशी. बापूराव धापा टाकत आत शिरले तसा योगेश ओरडला, "आले!" आणि चर्चभर पांगलेली संमेलनाची माणसं, कुणी खांबाचं चित्र काढत होतं ते, कुणी पेंगत होतं ते, सगळी ऑर्गनभोवती गोळा झाली. परीक्षक परत येऊन पहिल्या बाकावर बसले आणि त्यांनी घड्याळ खिशात टाकलं. श्रद्धा बेंचवर होती, पेडलसाठीचे पातळ तळव्याचे बूट घालून, तोंडावरचा घाम पुसत. बापूरावांनी किल्ली कुलपात घातली, खटका झाला, झाकण वर गेलं. योगेशने मोटर सुरू केली. नळ्यांच्या पोटात हवा भरू लागली आणि ती जुनी घुमघुम जमिनीतून पायांना जाणवली.

श्रद्धाने हात उचलले. मग तिला कुलपाला लोंबणारी निळी पट्टी दिसली. तिच्यावर चेतनच्या कंपनीचं नाव पांढऱ्या अक्षरांत पुन्हा पुन्हा छापलेलं होतं.

"पप्पा," ती म्हणाली, "आईनं दिली?"

"हो," बापूराव म्हणाले.

"आईनं स्वतःच्या हातानं दिली?"

"हो म्हटलं ना!" त्यांचा आवाज कमानीपर्यंत गेला. पाहुणे दचकले. श्रद्धा त्यांच्याकडे बघत होती, आणि बापूरावांची नजर तिच्या तोंडावरून घसरून तिच्या बुटांवर गेली. त्यांना खोटं बोलता येत नसे. लहानपणी दोन्ही मुलं त्यांना मुद्दाम प्रश्न विचारून पकडायची आणि हसायची.

"तुम्ही उचलून आणलीत," ती हळूच म्हणाली.

"श्रद्धा, मी पाया पडतो तुझ्या. वाजव. एकदा वाजव फक्त. ती झोपलीय, तिला कळणार नाही, मी परत टांगून ठेवतो." ते आता खरोखर हात जोडून उभे होते, पाहुण्यांसमोर, परीक्षकांसमोर, आणि त्याची त्यांना शुद्ध नव्हती. "मला ती गाडी बघवत नाही गं. मी रोज मरतो."

श्रद्धाचे डोळे भरून आले. तिने हात ऑर्गनच्या पट्ट्यांवर ठेवले. ती वाजवणार, असं बापूरावांना वाटलं. तिलाही वाटलं असावं. बोटं पट्ट्यांना टेकली पण दाबली गेली नाहीत.

"ती उद्याच्या खटक्यावर जगतेय, पप्पा," ती म्हणाली. "मी तो आज कसा खर्चू?"

तिने मोटर बंद केली आणि झाकण खाली ओढलं. परीक्षकांपुढे जाऊन इंग्रजीत माफी मागितली. त्यांनी तिचा हात हातात घेतला, पुढल्या वर्षी मी आलो तर, असं काहीतरी म्हणाले. येणार नाहीत हे त्यांच्या आवाजावरून सगळ्यांना कळलं. मग ते गाडीकडे गेले. श्रद्धाने बूट बदलले. "मी परस्पर कामावर जाते," ती म्हणाली. "गाडीला इथेच बोलावते. पहाटे इथेच उतरेन, ग्लोरियाच्या गीताला वेळेवर असेन." बापूरावांनी कुलपातून किल्ली ओढून काढली आणि ते बाहेर पडले. आपण कसे घरी पोचलो ते त्यांना नंतर आठवेना.

कौशल्याबाई अजून भिंतीकडे तोंड करून निजलेल्या होत्या. बापूरावांनी पट्टी खिळ्याला अडकवली. थोड्या वेळाने कौशल्याबाई उठल्या, पट्टी गळ्यात घातली, चहा ठेवला. कप पुढे करताना त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"श्रद्धा?"

"कामावर गेली परस्पर."

"आजही?" कौशल्याबाईंनी विचारलं. बापूरावांनी मान डोलावली आणि चहात तोंड घातलं.

पहाटे चर्च भरलं होतं. दिवे नव्हते, प्रत्येकाच्या हातात न पेटवलेली मेणबत्ती होती. संमेलनाची माणसंही आली होती, कॅमेरे पिशव्यांत घालून. बाहेर सुमोचा हॉर्न ऐकू आला, बापूराव दाराकडे वळले, आणि मग श्रद्धा आत येताना दिसली, डोळे सुजलेली, जिवंत. ती ऑर्गनशी जाऊन उभी राहिली.

पाळकसाहेबांनी खूण केली. कौशल्याबाई पांढऱ्या साडीत पुढे निघाल्या, मागे बापूराव, डांबराच्या गोळ्यांचा वास येणाऱ्या कोटात. चर्च श्वास रोखून होतं. कौशल्याबाईंनी पट्टी गळ्यातून काढली, किल्ली कुलपात घातली आणि फिरवली.

किल्ली फिरेना.

त्यांनी पुन्हा जोर लावला. नाही. आणि तेव्हा बापूरावांना आठवलं, की काल त्यांनी किल्ली नुसती ओढून काढली होती. कुलूप लावलंच नव्हतं. उघडं कुलूप उघडणार कसं? आता ती झाकणाला हात लावेल, ते नुसतंच वर येईल, सगळ्यांना कळेल, तिला कळेल, आणि तिची ही एवढी एक पहाट सगळ्या मंडळीसमोर मातीत जाईल. श्रद्धाने ओठ दाताखाली धरला होता. मागे कुणीतरी खोकलं.

कौशल्याबाई क्षणभर थांबल्या. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं नाही. डावा हात त्यांनी कुलपावर असा ठेवला की मागून दिसू नये, आणि किल्ली हळूच उलट्या बाजूला फिरवली. कुलूप लागलं. त्याचा आवाज त्यांच्या तळव्यात दबला. तो फक्त शेजारी उभ्या असलेल्या बापूरावांना ऐकू गेला. मग हात काढून त्यांनी किल्ली सुलट फिरवली, आणि खटका चर्चभर खणखणीत ऐकू आला. पहिल्या बाकावर मालनबाईंनी डोळ्यांना पदर लावला. एकीकडून दुसरीकडे मेणबत्त्या पेटत गेल्या. श्रद्धाने झाकण उचललं आणि मोटर सुरू केली.

हिला कळलं. आणि कळून हिने झाकलं. बापूरावांना तोंड कुठे लपवावं ते कळेना. पण कौशल्याबाई रागावलेल्या दिसत नव्हत्या. नळ्यांत हवा भरत होती तेवढ्यात त्या त्यांच्याकडे सरकल्या आणि कुजबुजल्या, "फोन ऐकला होता मी तुमचा. पट्टी खिळ्याला लावली तेव्हा म्हणणार होते, घेऊन जा, पोरीला वाजवू दे. पण तोंडच उघडेना. तुम्ही नेलीत ते बरं केलंत." त्यांच्या डोळ्यांत मेणबत्त्या चमकत होत्या. "मग? काय म्हणाले साहेब? घेणार ना तिला?"

बापूरावांनी तोंड उघडलं, आणि ऑर्गन कडाडला. मंडळी उभी राहिली, सगळं चर्च थरथरू लागलं. कौशल्याबाईंनी कानामागे हात धरला आणि पुन्हा विचारलं, ओठांवरून कळलं. कारखान्याचा तो आवाज आज बापूरावांना फुटेना. त्यांनी वाकून बायकोच्या कानाला तोंड लावलं.

"नाही वाजवलं तिनं," ते म्हणाले. "तिनं मला विचारलं, आईनं दिली का. मला नीट हो म्हणता आलं नाही."

कौशल्याबाईंनी ते ऐकलं. किल्ली मुठीत धरून त्या ऑर्गनकडे बघत उभ्या राहिल्या. श्रद्धा वाजवत होती, आणि रात्रभर जागी असूनही फार सुंदर वाजवत होती.